सोलापूर ते मोपा ३०४ किमी, मोपा ते दाबोळी ४०: एका बारशाच्या प्रवासाचा हिशोब

फॅमिली ग्रुपवर मी टाकलेला मेसेज असा होता: "सोलापूर–गोवा विमान तासाचं आहे, मावशी आणि काका आरामात पोचतील." या एका ओळीवर मडगावला माझ्या मावसबहिणीनं, म्हणजे ताईनं, बाळाच्या पाळण्याची वेळ ठरवली, बेंगळुरूहून तिच्या भावानं, म्हणजे दादानं, स्वतःचं तिकीट काढलं, आणि भावजींनी पाहुण्यांना फोन केले. मेसेज खोटा नव्हता, विमान खरंच तासाचं आहे. पण त्या तासाच्या भोवतीचे साडेचार तास मी कुणाला सांगितलेच नव्हते, आणि त्यामुळं पुढं जे झालं ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण सोलापुरात आता घराघरात हाच प्रश्न विचारला जातोय की अमुक विमानतळ ते तमुक विमानतळ किती अंतर आणि किती वेळ.

आधी माणसं सांगतो. मावशी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, रात्रीच्या स्लीपर बसचं नाव काढलं की नको म्हणते. काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण सवय गेलेली नाही, कुठंही निघाले की खिशात छोटी डायरी, किती वाजता सुटलो, किती वाजता थांबलो, का थांबलो, सगळं मिनिटासकट. या लिखाणातले सगळे टाइम त्यांच्या डायरीतले आहेत. दोघं सोलापुरातच, जुळे सोलापूर नावाच्या भागात राहतात. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो आणि घरातली सगळ्यांची तिकिटं मीच काढतो, त्यामुळं प्लॅन माझाच होता.

गोव्याला जायला आमच्याकडं आधी काय होतं ते बघा. गाडीनं विजयपूर, बेळगाव, चोर्ला घाट असं करून मडगाव, साधारण साडेचारशे किलोमीटर धरा, मागच्या वेळी दोघांना घेऊन मी गेलो तेव्हा चहा-जेवण धरून साडेदहा तास लागले होते आणि मावशी उतरल्यावर दोन दिवस पाय वर घेऊन बसली होती. दुसरं म्हणजे रात्रीची बस, साधारण तेवढीच. रेल्वेनं जायचं तर मिरजेला जाऊन तिथनं लोंढामार्गे जाणारी गाडी धरायची, म्हणजे मध्ये बदली आणि सामानाची चढउतार. म्हणून २०२५ मध्ये विमान सुरू झालं तेव्हा आमच्या घरात पहिलं नाव मावशीचंच निघालं.

सोलापूरच्या विमानाची गोष्ट इथल्या माणसाला वेगळी सांगायला नको. होटगी रोडचा विमानतळ जुनाच आहे, मध्ये काही काळ किंगफिशरचं मुंबईला विमान होतं, ते बंद पडलं, मग वर्षानुवर्षं सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या, विमानाच्या आड येणाऱ्या चिमणीचा विषय. ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. माझे ओळखीचे दोघंतिघं त्या कारखान्याला ऊस घालणारे आहेत, त्या दिवशी त्यांचे चेहरे मी बघितलेत, त्यामुळं विमानाचा आनंद सांगताना ती बाजू विसरावीशी वाटत नाही. मग २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. गोव्यात विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा, आणि आमचं गोव्याचं विमान उतरतं मोपाला. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यावरच आहे.

आता अंतर. नेटवर सोलापूर–गोवा अंतर बघितलं की वेगवेगळे आकडे येतात आणि माणूस गोंधळतो. मी स्वतः दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं. सोलापूर १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. मोपा १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. जमिनीची गोलाई धरून सरळ अंतर येतं ३०४ किमीच्या आसपास, विमानवाल्यांच्या भाषेत १६४ नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. काकांनी तर जुना ॲटलास काढून त्यावर पट्टी ठेवून पेन्सिलनं रेघ मारली. रेघ जतच्या बाजूनं जाते, अथणीच्या जवळनं, मग गडहिंग्लज, आणि आंबोलीच्या दक्षिणेला तिळारीच्या अंगानं घाट उतरून पेडणे तालुक्यात शिरते. मोपा पेडण्यातच आहे, सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून, बांदा तिथनं हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. ती रेघ बघून मावशी म्हणाली, "अगं बाई, एवढंच?" आणि खरंच कागदावर ते एवढंच दिसतं.

मग वेळ. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट मोठं जेट विमान धरतात, ताशी आठशे किलोमीटर, मग ३०४ ला भागलं की २३ मिनिटं येतात. काही साइट त्यात अर्धा तास मिळवतात आणि ५३ मिनिटं सांगतात. पण सोलापूर–मोपाला जेट जातच नाही, एटीआर ७२ जातं, पंख्याचं, सत्तरेक सीटचं, त्याचा जोरात वेग ताशी ५१० किमीच्या आसपास. त्या वेगानं ३०४ किमीला ३६ मिनिटं. तीही खरी नाहीत, कारण विमान उडालं की लगेच त्या वेगाला येत नाही, चढायला वेळ, उतरताना वेग कमी, आणि धावपट्टी काय गोव्याकडं तोंड करून बांधलेली नसते, वारा ज्या बाजूचा त्या बाजूनं उडायचं आणि मग वळून वाटेला लागायचं, तिकडं पण तसंच वळून लाइनीत यायचं. जमिनीवर विमान हळूहळू धावपट्टीपर्यंत जायची मिनिटं वेगळी. म्हणून तिकिटावर तासाच्या वर छापलेलं असतं आणि ते बरोबर असतं, तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरनं हलल्यापासून तिकडं जागेवर उभं राहीपर्यंतची. एकाच प्रवासाचे २३, ३६, ५३ आणि सत्तर असे चार आकडे, आणि चारही आपापल्या जागी बरोबर. मी त्यातला तिकिटावरचा घेतला आणि वाटलं की आपण शहाणपणानं सगळ्यात मोठा आकडा घेतलाय.

चूक कुठं झाली ते इथंच सांगतो. ताईनं विचारलं, आईबाबा घरी किती वाजता येतील. मी म्हणालो विमान सुटल्यापासून तासात उतरतील, मग तासाभरात घरी, तरी पाळण्याची वेळ तू सुटल्यापासून तीन तासांनी ठेव, म्हणजे तासभर हातात राहील. तिनं तशी ठेवली. डोक्यात माझ्या दाबोळी होता. आमच्या पिढीला गोव्याचं विमानतळ म्हणजे दाबोळी, नौदलाच्या हद्दीतला, मडगावपासनं पंचवीस किलोमीटर, पाऊण तास. मोपाचा विमानतळ, मनोहर आंतरराष्ट्रीय, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून चालू आहे, हे मला माहीत होतं, तिकिटावर मोपा लिहिलंय हे पण मी वाचलं होतं, तरी मडगावचं अंतर मी जुन्याच जागेवरनं मोजलं. मोपा गोव्याच्या पार उत्तर टोकाला आणि मडगाव दक्षिणेला, मध्ये म्हापसा, पर्वरी, पणजी, दोन मोठ्या नद्या. पासष्ट-सत्तर किलोमीटर.

दादाची चूक त्याच्याही पुढची. त्यानं बेंगळुरूहून तिकीट काढलं आणि ग्रुपवर टाकलं, "मी गोवा एअरपोर्टला आईबाबांच्या अर्धा तास आधी उतरतोय, गाडी भाड्यानं घेतो, तिघं बरोबरच येऊ." सगळ्यांनी अंगठा दाखवला, मी पण दाखवला. त्याच्या तिकिटावर विमानतळाचा कोड होता जीओआय, म्हणजे दाबोळी. मावशीकाकांच्या तिकिटावर जीओएक्स, म्हणजे मोपा. एका अक्षराचा फरक. सोलापूरचा एसएसई तर कुणी बघतच नाही कारण सोलापुरात विमानतळ एकच. बुकिंग करताना नुसतं गोवा टाइप केलं की दोन्हीकडची विमानं एका यादीत येतात आणि माणूस वेळ आणि भाडं बघून बटण दाबतो, गावात दोन विमानतळ असू शकतात हे आपल्याकडच्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं नाही अजून.

सामानाबद्दल लिहितो कारण त्यात पण वेळ जातो. तिकिटावर मोठ्या बॅगेला माणशी पंधरा किलो. मावशीचं बाळंतविड्याचं सामान: झबली, टोपरी, तिच्या हातची वाकळ, सोलापुरी चादर एक भावजींच्या आईला, डिंकाचे लाडू दोन डबे, शेंगा चटणी, कडक भाकरीची चवड वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या. बॅगा मी कारखान्यात नेऊन गाठोडी तोलायच्या काट्यावर ठेवल्या, एक सतरा भरली. चादर दुसरीत गेली. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मी काढायला लावल्या. अख्खं सुकं खोबरं विमानात धोकादायक मालाच्या यादीत आहे, यूएन १३६३ असा त्याचा नंबर पण आहे, कारण त्यात तेल असतं आणि कोंदट जागी ते आपणहून तापू शकतं. मावशीला हे काही केल्या पटेना. "ओटीत खोबरं नाही म्हणजे कसलं रे बारसं? लाडवात घातलंय ते चालतंय आणि नुसतं नाही?" शेवटी काकांनी सांगितलं, "अगं गोव्यात जायलालीस, तिथं नारळाला काय तोटा." तेव्हा वाट्या परत डब्यात गेल्या. हे घरी झालं ते बरं झालं, विमानतळावर बॅग उघडायला लागली असती तर मावशी तिथंच रडली असती.

आता दिवस. नोव्हेंबरचा, आभाळ स्वच्छ. विमान सुटायची तिकिटावरची वेळ शून्य धरतो आणि त्याच्या मागंपुढं डायरीतली मिनिटं सांगतो.

शून्याच्या आधी २ तास ५ मिनिटं घर सोडलं. आसरा चौकातनं होटगी रोडला लागलो, वीस मिनिटांत गेट. हा सोलापूरचा मोठा फायदा आहे आणि तो लोक मोजत नाहीत, शहरातनं विमानतळ वीस मिनिटांवर असणं ही पुण्या-मुंबईच्या माणसाला न मिळणारी गोष्ट आहे. १ तास ४५ मिनिटं आधी आत. काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतं त्यामुळं याच्यापेक्षा फार उशिरा जाणं मी म्हाताऱ्या माणसांबरोबर कधीच करणार नाही. बॅगा दिल्या, सिक्युरिटी झाली, मग बसणं. माझा पास नव्हता म्हणून मी बाहेरच, काचेतनं मावशी हात दाखवत होती. गुडघ्याची मला काळजी होती, पण एटीआरला मागच्या दारानं चढायचं असतं आणि दारालाच जोडलेला छोटा जिना असतो, पाच-सहा पायऱ्या, मोठ्या विमानाला लावतात तो उंच जिना नाही. पुढच्या माणसाचा आधार न घेता ती चढली, हे काकांनी डायरीत लिहिलंय, कॉलम नसताना लिहिलंय.

शून्यानंतर ४ मिनिटांनी विमान हललं. १३ व्या मिनिटाला चाकं जमिनीवरनं उचलली. १ तास २ मिनिटांनी मोपाला टेकली. म्हणजे प्रत्यक्ष हवेत ४९ मिनिटं. काका म्हणाले पंख वरच्या बाजूला असल्यामुळं खिडकीतनं खालचं सगळं दिसतं, आधी वाळलेली करडी जमीन, मग उसाचे हिरवे तुकडे, एक मोठी नदी, ती कृष्णाच असणार, आणि मग एकाएकी जमीन संपून खाली नुसती झाडी, तिथं त्यांनी "घाट" एवढाच एक शब्द आणि वेळ लिहिलीये. गार्डाच्या डब्यातनं अख्खी नोकरी गेलेला माणूस, घाट वरनं पहिल्यांदाच बघत होता.

१ तास ३१ मिनिटांनी बॅगा हातात आल्या आणि दोघं बाहेर आले. फोन आला दादाचा. "आई, मी बाहेरच आहे, पांढरी गाडी, तुम्ही कुठल्या दाराला आहात?" मावशी म्हणाली आम्ही पण दारातच आहोत, तू दिसेनास. पाचसहा मिनिटं हे असंच चाललं, दोघंही आपापल्या दारात उभे आणि दोघंही खरं बोलत होते. मग काकांनी फोन घेतला आणि विचारलं, "बोर्डावर काय लिहिलंय ते वाच." त्यानं वाचलं आणि गप्प झाला.

दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेघेत चाळीस किलोमीटर. रस्त्यानं साठच्या वर, आणि तो रस्ता गोव्यातला सगळ्यात गर्दीचा: झुआरीचा पूल, बांबोळी, पणजी, मांडवीचा पूल, पर्वरी, म्हापसा, धारगळ. झुआरीवरचा नवीन पूल झाल्यापासून एक अडचण गेली, पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू होतं. भावजींनी सांगितलं पावणेदोन तास धरा. ३०४ किलोमीटरला ४९ मिनिटं आणि चाळीसाला पावणेदोन तास, हे त्या क्षणी ऐकून मला बसायलाच लागलं.

दादा तसाच गाडी काढून मोपाकडं निघाला. आईबाबा एकटे उभे आहेत, मुलगा म्हणून दुसरं काही त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी सोलापुरात खुर्चीवर बसलेलो होतो, माझ्यासमोर नकाशा होता, म्हणून मला दिसलं ते असं: तो मोपाला पोचणार शून्यानंतर सव्वातीन तासांनी, तिथनं तिघं उलट मडगावला, अजून तास चाळीस मिनिटं, म्हणजे पाच तास. आणि मावशीकाका आत्ता मोपाहून टॅक्सीनं निघाले तर? तोच रस्ता एकदाच. दादानं मोपाला जाऊन कुणाचाच वेळ वाचत नव्हता, फक्त सोबत होत होती, आणि सोबतीची किंमत दीड तास होती आणि तिकडं पाळणा बांधून तयार होता.

हे मी दादाला फोनवर सांगितलं तर तो चिडला, "तुला तिथं बसून बोलायला काय जातंय." बरोबर आहे त्याचं. मग मी काकांना फोन केला. काकांनी एकच विचारलं, "टॅक्सीचा काउंटर आहे का इथं?" आहे म्हणालो. कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस पण होती, पण बॅगा आणि गुडघे बघता टॅक्सी. "मग त्याला म्हणावं सरळ घरी जा, आम्ही काय लहान आहे का." दादाला परत फोन लावला तेव्हा तो कुठ्ठाळीच्या अलीकडं होता. हे नशीब, कारण कुठ्ठाळीलाच रस्ता फुटतो, डावीकडं पुलावरनं पणजी आणि उजवीकडं वेर्ण्यावरनं मडगाव. दहा मिनिटांनी फोन केला असता तर तो पूल ओलांडून गेला असता. तो उजवीकडं वळला.

टॅक्सी निघाली शून्यानंतर १ तास ५५ मिनिटांनी. फोनाफोनीत गेली २४ मिनिटं. मडगावच्या दारात ३ तास ३५ मिनिटांनी. पाळण्याची वेळ तीन तासांची होती, पाहुणे येऊन बसले होते, सरबत दोनदा झालं. ताईच्या सासूबाईंनी सरळ सांगितलं, आजी आल्याशिवाय पाळण्यात घालायचं नाही, थांबा. मला हे नंतर कळलं आणि त्या बाईंबद्दल मनात फार आदर वाटला. मावशी आली, पाय धुतले, पदर खोचला, आणि लगेच बाळाला हातात घेऊन पाळण्याखालनं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." व्हिडिओत तिचा आवाज थोडा कापतोय, पण गुडघ्यावर हात कुठंच दिसत नाही. ओटीतलं खोबरं ताईच्या सासूबाईंनीच आणून ठेवलं होतं.

आता हिशोब. दारापासनं दारापर्यंत ५ तास ४० मिनिटं, म्हणजे ३४० मिनिटं. त्यात हवेत ४९. जवळजवळ सातवा हिस्सा. उरलेले सहा हिस्से जमिनीवर, आणि त्यांचा मोठा वाटा गोव्याच्या बाजूला. फोनाफोनी काढली तर सव्वापाच तास. गाडीचे साडेदहा तास होते तिथं हे निम्म्यावर आलं, शिवाय मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाळाला अंघोळ घालत होती, मागच्या वेळच्या दोन दिवसांच्या पाय वर करून बसण्याशी याची तुलना करा. त्यामुळं मला कुणी विचारलं की मडगावला विमान परवडतं का, तर वेळेच्या बाबतीत मी बिनधास्त हो म्हणतो. पण ज्याला पेडणे, म्हापसा, सावंतवाडी, बांद्याला जायचंय त्याला तर दुप्पट हो, त्यांचं घर विमानतळाच्या दारातच आहे, चार तासाच्या आत काम होतं. आणि गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणच्या बाजूला जाणाऱ्याला मी थांबून विचार करायला सांगेन.

या प्रकरणानंतर माझ्याकडं ओळखीचे लोक असे प्रश्न घेऊन येतात. एकानं विचारलं सोलापूर–कोल्हापूर विमानतळ अंतर किती. सरळ २०५ किमी, साइट अर्ध्या तासाचं उड्डाण दाखवते. पण थेट विमानच नाही, त्या अर्ध्या तासाचा काय उपयोग. सांगोला-मिरजेवरनं गाडीनं साडेचार-पाच तास, तोच खरा आकडा. पुण्याला तर मी रेल्वेच सांगतो. मुंबईचं जरा बघण्यासारखं आहे: रेल्वेनं ४५५ किमी, वंदे भारतनं साडेसहा तास, विमानानं सरळ अंतर ३६२ किमी. पण मुंबईत उतरून कुठं जायचंय यावर सगळं आहे, अंधेरीला जाणाऱ्याचं उत्तर वेगळं आणि सीएसएमटीच्या आसपास काम असणाऱ्याचं वेगळं, त्याला रेल्वे दारात सोडते. विमानतळ ते विमानतळ हा आकडा विमानाला लागतो, माणसाला त्याच्या दोन टोकांना घर लावून मगच वापरता येतो.

मी आता तिकीट काढताना आधी विमानाची वेळ बघतच नाही. उतरणाऱ्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड कागदावर लिहितो, नकाशात त्या विमानतळापासनं पत्त्यापर्यंत त्या वाराला त्या वेळेला किती लागतं ते बघतो, म्हातारं माणूस किंवा मोठी बॅग असेल तर बाहेर पडायला अर्धा तास धरतो, आणि जो आणायला येणारे त्याला कोड पाठवतो, गावाचं नाव नाही. त्याच्याकडनं कोड परत लिहून मागवतो. दादाला हे आधी जाचक वाटलं, पण त्यानं केलं.

परतीचा प्रवास आठ दिवसांनी. या वेळी उलटं मोजलं. मोपाला सुटायच्या १ तास ४५ मिनिटं आधी पोचायचं, मडगाव ते मोपा पावणेदोन तास, पर्वरीसाठी वर अर्धा तास, म्हणजे चार तास आधी घर सोडायचं. भावजींना हे फार वाटलं, ते म्हणाले तीन तासात होतं सगळं. काकांनी डायरी उघडून दाखवली. चार तास आधीच निघाले. पर्वरीला बावीस मिनिटं अडकले, तरी मोपाला १ तास ५३ मिनिटं आधी हजर. मावशीच्या बॅगेत आता काजू आणि कोकमं, वजन चौदा किलो.

सोलापूरला टेकल्यावर बॅगा घेऊन बाहेर यायला सोळा मिनिटं लागली. मी होटगी रोडला गाडी लावून उभा होतो. मावशी बसली आणि म्हणाली, "तुझ्या त्या वाट्या फ्रीजमध्ये ठेवल्यास का रे, का तशाच डब्यात?" घरी पोचायला अठरा मिनिटं. काकांनी दारात उभं राहूनच शेवटची ओळ लिहिली, पेन खिशात घातलं आणि मग चपला काढल्या.